बचत गटात सापेक्षता

आम्ही कुपवाडच्या बचत गटाच्या बायका. मागं याच कार्यक्रमात आम्ही हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा लांबचा आहे, इतका लांबचा की तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला लाखो वर्षं लागतात. पण लगेच रेडिओ बंद करू नका. आम्हीही आधी बिचकलोच होतो.

झालं असं. 20 मे 2025 ला डॉ. जयंत नारळीकर गेले. टीव्हीवर दिवसभर तीच बातमी होती. त्या आठवड्याच्या बैठकीत हप्ते गोळा करताना आमच्या एका आक्कांनी विचारलं, "एवढा मोठा माणूस, जन्म कोल्हापूरचा म्हंजे आपल्या शेजारचाच. पर त्यांनी केलं काय, ते कोण सांगंल का?" आम्ही बारा जणी. त्यात तिघी पदवीधर. एकीलाही सांगता येईना. 'मोठे शास्त्रज्ञ होते' याच्या पुढं आमची गाडी सरकेना. एकीची अकरावी सायन्सची मुलगी तिथं अभ्यास करत बसली होती, ती म्हणाली, "त्यांचा विषय सापेक्षता आणि विश्वाची रचना." शब्द ऐकून आम्ही गप्प झालो. पण आक्का गप्प बसणाऱ्या नव्हेत. म्हणाल्या, "मग पुस्तक असंल की. आणा, वाचूया."

आमच्यापैकी दोघी एका वाचनालयात गेल्या. विश्वावरचं पुस्तक हवंय म्हटल्यावर तिथल्या माणसानं बोट दाखवलं, "ताई, पाककृती आणि व्रतवैकल्यं त्या कपाटात." चूक त्या माणसाची एकट्याची नव्हे. आम्हीही आजवर त्याच कपाटापुढं उभ्या राहत आलो होतो. शेवटी नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते' विकत आणलं. पैसे आले दंडाच्या रकमेतून, म्हणजे बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून गट घेतो त्यातून. त्या पैशातून सतरंजी घ्यायची ठरली होती, त्यामुळं थोडी कुरकुर झाली. पण वेळ चुकवल्याच्या दंडातून वेळेबद्दलचं पुस्तक आलं, हे नंतर कळलं तेव्हा कुरकुरणाऱ्याही हसल्या.

वाचायची रीत आम्ही अशी ठरवली: बैठक संपली की अर्धा तास, एकीनं मोठ्यानं वाचायचं. दोघींना अक्षरओळख नाही, त्यांचं ऐकणं आमच्या वाचण्यापेक्षा पक्कं आहे. जिला कळलं नाही तिनं तिथंच थांबवायचं, लाजायचं नाही. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात दीड पान झालं. अवघड शब्दांसाठी वेगळी वही केली. 'दीर्घिका' म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांचा समूह, आणि आपला सूर्य ज्या समूहात आहे ती 'आकाशगंगा'. म्हणजे दीर्घिका हे सगळ्यांचं आडनाव आणि आकाशगंगा हे आपल्या घरचं नाव, असं वहीत लिहिलंय. अडलं की मोबाईलवर मराठी विश्वकोश उघडतो, तो फुकट आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याचा पाया घातला तोच हा विश्वकोश. त्याची भाषा जड आहे, एक नोंद पचायला दोन बैठका लागतात. पण पचते.

आता सापेक्षता. मिरज जंक्शनला तुम्ही गाडीत बसलाय, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी उभी आहे. एकदम वाटतं, आपली गाडी सुटली. मग पलीकडच्या खिडकीतून फलाट दिसतो आणि कळतं, आपण जागेवरच, ती गेली. हा अनुभव प्रत्येकीला आहे. वेग हा नेहमी कुणाच्या तरी तुलनेत सांगावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही मिरजेच्या बसमध्ये एक रुपयाचं नाणं वर उडवून बघितलं. खड्डे नसलेला तुकडा गाठून, बरं का. बस एकसारखी धावत असली की नाणं हातातच पडतं, मागच्या बाईच्या मांडीवर नाही. हे गॅलिलिओनं आईनस्टाईनच्या पावणेतीनशे वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. इथपर्यंत सगळ्या जणी खूश होत्या.

गोंधळ झाला तो उजेडानं. धावत्या गाडीतून पुढच्या दिशेनं चेंडू फेकला, तर फलाटावरच्या माणसाला चेंडूचा वेग गाडी अधिक चेंडू असा दोन्हींचा मिळून दिसतो. मग धावत्या गाडीतून बॅटरी मारली तर उजेडाचा वेग वाढायला पाहिजे. तो वाढत नाही. उजेड सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका सेकंदात पृथ्वीभोवती साडेसात फेऱ्या. तुम्ही उभ्या असा नाहीतर पळत असा, मोजला की आकडा तोच. 1905 साली आईनस्टाईननं हे खरं धरलं आणि विचारलं, मग बदलतं काय?

हे आम्हाला कळलं ते लिंबानं. एकीला भिंतीच्या कडेनं चालत चालत लिंबू वर उडवून झेलायला लावलं. तिला विचारलं, लिंबू कसं गेलं? "सरळ वर, सरळ खाली." आम्ही समोर बसलेल्या, आम्हाला ते तिरकं चढून तिरकं उतरताना दिसलं. मग खडूनं भिंतीवर दोन्ही वाटा काढल्या. तिरकी वाट उघडच लांब. आता लिंबाच्या जागी उजेड धरा. गाडीतल्या बाईच्या हिशेबानं उजेड सरळ छताला जाऊन परत आला, फलाटावरच्या बाईच्या हिशेबानं तो लांबच्या तिरक्या वाटेनं गेला. उजेडाचा वेग दोघींना एकच. वेग तोच आणि वाट लांब, तर वेळ जास्त लागणार. म्हणजे त्याच एका जाण्यायेण्याला फलाटावरच्या घड्याळानं जास्त वेळ मोजला, गाडीतल्या घड्याळानं कमी. फलाटावरून बघणारीला धावतं घड्याळ सावकाश चालताना दिसतं.

आमच्याकडं यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं म्हटलं, "हे कागदावर ठीक हाय. खरंच कुणी मोजलंय का?" प्रश्न अगदी बरोबर होता. मोजलंय. 1971 साली हाफले आणि कीटिंग या दोघांनी अत्यंत अचूक घड्याळं विमानात ठेवून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि घरच्या घड्याळाशी ताडली. फरक पडला होता, सापेक्षता सांगते तसा. फरक सेकंदाच्या अब्जांशांतला, म्हणून गावाला जाऊन आलेल्या नणंदेचं वय आपल्याला कमी दिसत नाही.

आईनस्टाईननं 1915 मध्ये आणखी पुढचं सांगितलं. वस्तू जड असली की तिच्याभोवती जागा आणि वेळ दोन्ही वाकतात, आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो. जमिनीजवळ घड्याळ सावकाश चालतं, माळ्यावर किंचित भरभर. 2010 मध्ये अमेरिकेत एक घड्याळ दुसऱ्यापेक्षा जेमतेम फूटभर उंच ठेवून हाही फरक मोजला गेला. म्हणजे आपलं डोकं आपल्या पायांपेक्षा कणभर म्हातारं. हे ऐकून आमच्या एक मावशी म्हणाल्या, "माझं तर गुडघंच आधी म्हातारं झालं."

आणि हे नुसतं पुस्तकात राहिलेलं नाही. मोबाईलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो, ते सुमारे 20 हजार किलोमीटर वर आहेत. वेगामुळं त्यांची घड्याळं रोज सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या 7 पट मागं पडतात, उंचीमुळं 45 पट पुढं जातात. वजाबाकी केली की 38 पट पुढं. एवढंसं वाटतं ना? पण ही दुरुस्ती केली नाही तर नकाशा दिवसाला दहाएक किलोमीटरनं चुकेल. सांगलीत उभं राहिलं तर मोबाईल मिरज दाखवायचा. आमच्यातल्या एकीचा मुलगा घरोघरी पार्सल पोचवतो. त्याला तिनं सांगितलं, "तुझी रोजी आईनस्टाईनच्या हिशेबावर चालतीय."

मग कृष्णविवरावर आलो. ते वाचायचं कारण वेगळंच होतं. आमच्यातल्या एकीच्या मोबाईलवर कुणीतरी चित्रफीत पाठवली होती: कृष्णविवर जागं झालंय, पृथ्वी गिळणार. ती खरोखर दोन रात्री झोपली नव्हती, आणि हसतील म्हणून तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. वाचताना तो भाग आला तेव्हा बोलली. म्हणून त्या दिवशी वाचन तासभर चाललं. कृष्णविवर हा झाडू नव्हे की व्हॅक्युम नव्हे. लांबून त्याची ओढ त्याच्या वजनाएवढीच असते. आपल्या सूर्याच्या जागी सूर्याएवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर पृथ्वी काळोखात गोठून जाईल हे खरं, पण ओढली जाणार नाही, आज फिरते तशीच फिरत राहील. शिवाय आपला सूर्य कृष्णविवर होणारच नाही, तेवढा तो जड नाही. त्याचं इंधन अजून सुमारे 500 कोटी वर्षं पुरेल. ती बाई म्हणाली, "मग माझं कर्ज फिटंल तवर." तेव्हापासून आमच्यात असा कुठला निरोप आला की आधी वहीत उतरवतात आणि बैठकीत विचारतात.

जागा वाकते म्हणजे काय, हे पुस्तकातल्यासारखं करून पाहिलं. चौघींनी जुनी साडी ताणून धरली, मध्ये नारळ ठेवला, कडेनं गोटी सोडली. गोटी नारळाभोवती वळत गेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात अकरावीतली ती मुलगी म्हणाली, "पण नारळानं साडी खाली दबली ती पृथ्वीच्या ओढीनंच ना? मग ओढीनंच ओढ समजावली." आम्ही तिच्याकडं बघतच राहिलो. तिचं बरोबर आहे. साडीचं उदाहरण डोळ्यांना पटतं, पण ते अर्धंच आहे, त्यात वेळेचं वाकणं दिसत नाही. पुस्तकातलं उदाहरण कुठवर चालतं आणि कुठं संपतं, हे विचारायची सवय आम्हाला त्या दिवशी लागली.

आता मुख्य गोष्ट सांगतो, जिच्यासाठी आज बोलायचं ठरवलं.

विश्व फुगतंय, असं पुस्तकं सांगतात. 1929 मध्ये हबलनं दाखवलं की दीर्घिका आपल्यापासून दूर जातायत, आणि जितकी लांबची तितकी जास्त वेगानं. आम्ही एक फुगा घेतला, त्यावर टिकल्या चिकटवल्या आणि फुगवला. टिकल्या एकमेकींपासून लांब गेल्या, पण टिकली स्वतः मोठी झाली नाही. दीर्घिकांचंही तसंच. कुठल्याही टिकलीवर बसून पाहिलं तर बाकीच्या आपल्यापासूनच पळतायत असं वाटतं, मधली अशी टिकली कुठलीच नाही. मग उलट चित्र लावलं, फुगा बारीक होत गेला तर? तर कधीतरी सगळं एका ठिकाणी, अतिशय दाट आणि तापलेलं असणार. त्यालाच महास्फोट म्हणतात, सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीचा.

आणि इथं आम्हाला धक्का बसला. ज्यांचं पुस्तक हातात धरून आम्ही शिकत होतो, ते नारळीकर महास्फोट मानत नव्हते! केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू होते फ्रेड हॉइल. हॉइल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1948 मध्ये मांडलं होतं की विश्वाला सुरुवातच नाही, ते फुगतं तसं नवं द्रव्य तयार होत राहतं. गंमत म्हणजे महास्फोटाचं इंग्रजी नाव, 'बिग बँग', हे याच हॉइलनं 1949 मध्ये बीबीसीच्या रेडिओ भाषणात पहिल्यांदा वापरलं. विरोधकानं दिलेलं नाव चिकटलं. रेडिओवर काय बोलतो ते जपून बोलावं बाई.

पुढं 1964 मध्ये अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना त्यांच्या मोठ्या अँटेनात सगळ्या दिशांनी सारखीच खरखर ऐकू येऊ लागली. त्यांना वाटलं आत कबुतरांनी घाण केलीय म्हणून. साफ केलं, तरी खरखर जाईना. ती होती विश्व तापलेलं असतानाची उरलेली ऊब. तिचा छडा लागल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले, आजही आहेत. नारळीकर गेले नाहीत. त्यांनी 1993 मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर आपला सिद्धांत दुरुस्त करून पुन्हा मांडला, त्या उबेचं वेगळं कारण सांगितलं आणि शेवटपर्यंत महास्फोटाबद्दल शंका विचारत राहिले.

आमच्या बैठकीत यावर चांगलंच वाजलं. एक म्हणाली, "म्हंजे पुस्तक लिहिणाराच चुकीचा? मग वाचायचं कशाला?" दुसरी म्हणाली, "एवढा मोठा माणूस चुकंल कसा, बाकीचेच चुकत असतील." तिसरी म्हणाली, "आपण पोथी वाचतो तवा असं कुणी इचारतंय का?" त्यावर आक्का म्हणाल्या, "पोथीला नमस्कार करायचा असतोय. हे पुस्तक नमस्कार करायला आणलंय व्हय?"

आमचं मत आम्ही उघड सांगतो. पुरावे आम्ही आमच्या बुद्धीप्रमाणं वाचले आणि महास्फोटाची बाजू आम्हाला जड वाटली, कारण त्या उबेचं तिथं दिलेलं कारण सरळ बसतं. पण नारळीकरांबद्दलचा आदर त्यानं कमी झाला नाही, वाढलाच. सगळे एका बाजूला असताना, पद्मविभूषण मिळालेला माणूस, पुण्याची आयुका ही संस्था 1988 पासून उभी केलेला माणूस, आपलं वेगळं मत पुराव्याच्या भाषेत मांडत राहतो आणि समोरच्यांना आपल्याच संस्थेत जागा देतो, हे आम्हाला महत्त्वाचं वाटलं. आपल्या गटात एकीनं वेगळं मत मांडलं तर पुढच्या बैठकीला तिला चहाही कुणी देत नाही. आम्ही तरी दिला नव्हता. कुणाला ते इथं सांगत नाही, तिला माहीत आहे.

त्यांच्याबद्दल अजून एक सांगायचंय. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही विज्ञानकथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आपल्याच नावाची आद्याक्षरं उलटी करून. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, नाव बघून नव्हे. मंगलाताई स्वतः गणिताच्या पीएचडी. लग्न 1966 चं, पीएचडी 1981 ची, मध्ये संसार आणि मुली. आठवतंय का, दुसरीच्या पुस्तकात 'बावीस'बरोबर 'वीस दोन' आलं तेव्हा घरोघरी केवढा आरडाओरडा झाला होता? त्या पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताईच होत्या. आम्हीही तेव्हा नावं ठेवली होती. नंतर एकीच्या नातवाला त्यामुळंच संख्या कळल्या, हेही खरं.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर दोन गोष्टी. एकाच पुस्तकावर थांबू नका, दुसऱ्या लेखकाचंही जोडीला घ्या. मोहन आपटे यांची पुस्तकं सोपी आहेत, आम्ही आता तीच वाचतोय. आणि गणिताची पानं आली तर सोडून पुढं जा, आम्ही सोडतो. त्यानं काही हुकतंच, पण पुस्तक बंद होत नाही.

गेल्या दिवाळीनंतरच्या अमावस्येला आमच्यातल्या पाच जणी एकीच्या माहेरी जत तालुक्यात गेलो होतो. कुपवाडला एमआयडीसीच्या दिव्यांमुळं आभाळ दिसत नाही. तिथं मळ्यात उभं राहून देवयानी दीर्घिका शोधली. धुरकट ठिपका, बोटानं पुसावासा. तिथून निघालेला उजेड 25 लाख वर्षांनी आमच्या डोळ्यांत शिरत होता. माहेरवाशिणीची आई म्हणाली, "एवढ्यासाठी पोरींनो गार वाऱ्यात?" आणि मग तीही अर्धा तास मान वर करून उभी राहिली.

आमच्या गटातल्या दोघी औंढ्या नागनाथाला जाऊन आल्या आहेत. तुमच्यातल्याही असतील. त्याच तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात, गुरुत्वीय लहरी पकडायचं यंत्र उभं राहणार आहे, 'लायगो इंडिया'. केंद्र सरकारनं त्याला 2023 मध्ये मंजुरी दिली. त्याचे दोन हात चार-चार किलोमीटर लांब असणार. दोन कृष्णविवरं एकमेकींवर आदळली की जागेलाच लाट येते, अशी लाट पहिल्यांदा अमेरिकेत 14 सप्टेंबर 2015 ला पकडली गेली. ती सुमारे 130 कोटी वर्षं प्रवास करून आली होती. पुढच्या खेपेला दर्शनाला गेलो की त्या बाजूलाही चक्कर टाकायचं ठरलंय. आत सोडतील न सोडतील.

आक्कांचा एक प्रश्न मात्र वहीत तसाच आहे. फुगा फुगतो तेव्हा त्याच्या बाहेर मोकळी जागा असते, मग विश्व फुगतंय ते कशात? पुस्तकं म्हणतात, विश्वाला 'बाहेर' नाही, जागाच ताणली जाते. आक्का म्हणतात, "हे उत्तर न्हवं, ही पळवाट." आम्ही त्यांना तीनदा समजावलं, चौथ्यांदा त्यांनीच आम्हाला गप्प केलं. नारळीकरांची एक पद्धत होती: मुलांनी सही मागितली की म्हणायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही करून पाठवतो. आक्कांनी पोस्टकार्ड विकत आणलंय, प्रश्नही लिहून घेतलाय. पत्ता आता कुणाचा घालायचा ते ठरत नाहीये. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर आम्हाला कळवा. बैठक दर गुरुवारी दुपारी तीनला असते. उशीर केलात तर दंड आहे.